‘आम्ही’चा ‘मी’ होतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाचीने तिचा फोन माझ्या हातात दिला आणि ‘मावशी, वाच, पण हसायचं नाही’ अशी अट घातली. फोनवर तिनेच लिहिलेली एक कथा होती. स्थळ शृंगारपूर, वेळ रात्रीची, बाहेर कोकणातला पाऊस, आणि समईच्या उजेडात समोरासमोर बसलेले संभाजीराजे आणि येसूबाई. सहा-सात परिच्छेद दोघेही एकमेकांशी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ करत अदबीने बोलत होते, आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता राजांच्या तोंडी वाक्य आले: ‘मी थकलोय, येसू.’ अकरावीतल्या मुलीने लिहिलेल्या त्या कथेत शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या आणि सतराव्या शतकात नसलेली एक-दोन फुलझाडेही होती. पण ‘आम्ही’चा ‘मी’ नेमका कुठे करायचा, हे तिला कोणी न शिकवता कळले होते. मी हसले नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीत राजा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, हा संकेत आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणीतरी घडवलेला आहे याची आठवणही राहत नाही. वडिलांना ‘आबासाहेब’, आजीला ‘मासाहेब’, पत्नीने पतीला ‘स्वारी’ म्हणणे, आज्ञेला ‘जी’ म्हणून मान लववणे, ही सारी बोली विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी आणि नाटककारांनी बखरींच्या आधाराने रचली आणि दूरचित्रवाणी मालिकांनी ती घरोघरी पोहोचवली. सतराव्या शतकातली प्रत्यक्ष पत्रे वाचायला घेतली तर वेगळीच मराठी भेटते: फारसी शब्दांनी ठासून भरलेली, ‘मशारनिल्हे’ आणि ‘हुजूर’ यांच्यात वावरणारी, आणि ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून पत्र मिटवणारी. दरबारच्या व्यवहारातले फारसी शब्द कमी व्हावेत म्हणून शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, यावरूनच ते शब्द किती खोल रुजले होते ते दिसते. तेव्हा शृंगारपूरच्या त्या रात्री संभाजीराजे जे काही बोलले असतील, ते कादंबरीतल्या बोलीत नक्कीच बोलले नसतील. तरीही भाचीच्या ‘मी’ने मला जे धरून ठेवले, ते याच कृत्रिम बोलीच्या जोरावर, ‘आम्ही’ची भिंत आधी उभी असल्याखेरीज ती पडल्याचा आवाज होत नाही.

फॅन फिक्शन हा शब्द मराठीत अलीकडे आला. एखाद्या मालिकेतली, चित्रपटातली किंवा पुस्तकातली पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतः लिहिलेली गोष्ट, असा त्याचा साधा अर्थ. वॉटपॅड किंवा प्रतिलिपीसारख्या ठिकाणी अशा गोष्टी हप्त्याहप्त्याने लिहिल्या जातात. भाचीच्या पिढीला संभाजी महाराज पहिल्यांदा भेटले ते २०१७ ते २०२० या काळात चाललेल्या मालिकेतून, त्यामुळे तिच्या डोळ्यांपुढचा राजांचा चेहरा आणि त्यांच्या बोलण्याची लय त्या मालिकेतली असणे स्वाभाविकच आहे. पण हे काही नवीन घडते आहे असे मला वाटत नाही. या एका राजाच्या बाबतीत तर मराठीत तीनशे वर्षे हेच चालले आहे: आधीच्या कोणाच्या तरी गोष्टीतले पात्र उचलायचे, त्याच्यावर प्रेम तरी करायचे किंवा राग तरी धरायचा, आणि त्या भावनेला सोयीची गोष्ट लिहायची.

मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीकडे या नजरेने पाहावे. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. बखरकाराच्या घराण्याचे मूळपुरुष बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्याच आज्ञेने देहदंड झाला होता. घरातल्या माणसाला ज्याने मारले त्या राजाची गोष्ट पुढच्या पिढ्यांतल्या वंशजाने लिहायची म्हटल्यावर ती कशी उतरेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आणि तरीही ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला तेव्हा हीच बखर त्याच्या हाताशी होती. तिथून तो उग्र, व्यसनी, कलुशाच्या, म्हणजे कवी कलशाच्या, आहारी गेलेला राजपुत्र इंग्रजी इतिहासात गेला, इतिहासातून मराठी नाटकात आला आणि नाटकातून थेट लोकांच्या मनात जाऊन बसला. संभाजीराजांशी जोडलेली थोरातांच्या कमळेची दंतकथा रंगभूमीवर आणि पुढे १९४१ च्या बोलपटात रंगली तीही याच वाटेने. खलनायक रंगवणारे फॅन फिक्शन म्हणतात ते हेच, फक्त त्या वेळी त्याला इतिहास म्हणत असत.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ मात्र मला या ओळीत ढकलून मोकळे होता येत नाही. १९१९ मध्ये गडकरी गेले तेव्हा हे नाटक अपुरेच होते आणि ते त्यांच्या मागे छापले गेले. तुळशी नावाच्या स्त्रीच्या मोहात अडकलेला त्यातला संभाजी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, यात आज वाद नाही. पण शेवटाकडे तो स्वतःचाच न्यायाधीश होतो आणि राजेपणाचा अर्थ सांगू लागतो, तिथे गडकऱ्यांची भाषा अशी काही पेटते की वाचणाऱ्याला त्या माणसाचा राग येणे अशक्य व्हावे. चुकीच्या माहितीवर उभे राहूनही लेखक आपल्या पात्रावर मनापासून प्रेम करू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा याच नाटकाच्या रागातून उखडून नदीत टाकला गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अपुऱ्या नाटकाला असे उत्तर मिळावे, यावरून कल्पित गोष्ट लोक किती खरी मानतात ते कळते.

चित्र पालटले ते वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे. त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे कमल गोखले यांनीही या राजाचे संशोधनपूर्ण चरित्र लिहिले. संस्कृत जाणणारा, ‘बुधभूषण’ हा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे, ज्याच्या १६८० च्या दानपत्रावर स्वतःच्या हस्ताक्षरातली संस्कृत ओळ आजही पाहायला मिळते, असा राजा या पुस्तकांतून पुढे आला. साहित्यिकांनी वेळ लावला नाही. बेंद्रे यांच्या चरित्रानंतर दोनच वर्षांनी वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले, १९६८ मध्ये त्यांचेच ‘इथे ओशाळला मृत्यू’ आले, आणि १९७९ मध्ये शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने संभाजीराजांना मराठी घराच्या पुस्तकाच्या फळीवर कायमचे नेऊन ठेवले. विश्वास पाटलांची कादंबरी २००५ ची. आमच्या घरी ‘छावा’ची जी प्रत आहे तिच्या शेवटच्या पन्नास-साठ पानांचे कोपरे आधीच्या पानांपेक्षा जास्त मळलेले आहेत, आई ती पाने पुन्हा पुन्हा काढून वाचत असे आणि दर वेळी रडत असे.

त्या मळलेल्या कोपऱ्यांवरून मला एक गोष्ट सुचली, आणि भाचीच्या कथेने ती पक्की केली. कादंबरीकार असो की फोनवर लिहिणारी मुलगी, ज्याला त्याला या आयुष्यातल्या त्याच त्या दोन-तीन जागी जायचे असते, आणि त्या जागा म्हणजे कागदपत्रे जिथे गप्प होतात त्या.

पहिली जागा दिलेरखानाच्या छावणीची. १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस परत आले. का गेले, हे त्यांनी स्वतः उलगडून लिहिलेले नाही. वडिलांशी मतभेद, दरबारातले अष्टप्रधान, सावत्र आई सोयराबाई, राज्याच्या वाटणीची कुजबूज, अशी कारणांची यादी इतिहासकार देतात. एखादा कादंबरीकार ही सारी कारणे एकाच वेळी वापरतो, तर दुसरा याला शिवाजी महाराजांनीच आखलेला गुप्त डाव ठरवून मोकळा होतो. गुप्त डावाची युक्ती मला कधीच पटली नाही. तिच्यामुळे राजपुत्र निष्कलंक होतो खरा, पण त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय त्याचा स्वतःचा राहत नाही. १६७९ च्या एप्रिलात दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि पकडलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला, असे इतिहासग्रंथांत येते. ही माणसे ज्या राज्याची, त्याच राज्याचा युवराज तेव्हा शत्रूच्या गोटात होता. कोणताही डाव ही गोष्ट पुसू शकत नाही, आणि पुसू नये. त्या संध्याकाळी छावणीत परतताना एकवीस वर्षांच्या त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, हे ज्याला लिहिता येईल त्याने ती कादंबरी लिहावी. ज्याला वकिली करायची आहे त्याने ती कोर्टात करावी.

परतल्यानंतर, १६८० च्या आरंभी, पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. सभासदाच्या बखरीत या भेटीतले बोलणे दिलेले आहे. राज्याचे दोन भाग करून दोघा मुलांना द्यावेत असा विचार महाराज बोलून दाखवतात, आणि त्यावर संभाजीराजे म्हणतात, आपल्याला साहेबांच्या पायांची जोड आहे, आपण दूधभात खाऊन त्या पायांचे चिंतन करत राहू. हा ‘दूधभात’ मला नेहमी अडवतो. सभासदाने ही बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर साधारण दीड दशकाने, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी लिहिली; भेटीच्या वेळी तो खोलीत होता असे समजायला आधार नाही, आणि धाकट्या भावासाठी लिहिताना थोरल्याचे बोलणे त्याने कसे वळवले असेल हेही सांगता येत नाही. पण दूधभात हा शब्द कोणी नुसत्या कल्पनेने आणत नाही असे मन म्हणते. रागावून घर सोडलेला मुलगा परत आल्यावर राज्य मागत नाही, लहानपणीचे जेवण मागतो. हे खरोखर घडले असेल तर फार मोठे आहे, आणि सभासदाने रचले असेल तर तो आपल्यातला पहिला कादंबरीकार आहे. त्या भेटीनंतर तीन महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे रायगडावर निधन झाले, आणि तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. बापलेकांना पुन्हा बोलता आले नाही, एवढे एक वाक्य इतिहास देतो, आणि त्या वाक्यावर किती प्रकरणे उभी राहिली आहेत याची गणती नाही.

दुसरी जागा शेवटच्या अडतीस दिवसांची. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला मोगल सरदार मुकर्रबखानाच्या हाती सापडण्यापासून ११ मार्चच्या मृत्यूपर्यंतचा हा काळ. आईची पाने मळली ती इथे. छळाची हकिकत मोगल बाजूच्या लेखकांकडून आणि पुढच्या बखरींकडून येते, आणि तिचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. पण राजांनी बादशहाला काय उत्तर दिले, त्यांच्यासोबत पकडलेले कवी कलश त्यांना काय म्हणाले, ही वाक्ये आपण प्रत्येकाने इतक्या वेळा ऐकली आहेत की ती कोणी लिहून ठेवलेली नाहीत हे ऐकून माणसे नाराज होतात. फॅन फिक्शन लिहिणाऱ्या मुली या ठिकाणी कादंबरीकारांना न सुचलेले एक काम करतात, ते म्हणजे राजांना सोडवणे. भाचीनेच मला सांगितले की अशा गोष्टींना ‘एयू’ म्हणतात, म्हणजे पर्यायी विश्व. एकीत संगमेश्वरला निरोप वेळेवर पोहोचतो. एकीत बहादूरगडाच्या वाटेवर मावळे छापा घालतात आणि दोघांनाही घोड्यावर घालून सह्याद्रीत नेतात. ऐकताना प्रथम मला ते पोरकट वाटले. मग लक्षात आले की कादंबरीत छळाचे वर्णन जितके लांबते तितका वाचक मनातल्या मनात हेच मागत असतो, आणि या मुली ते उघडपणे लिहून टाकतात. आपण इतिहास बदलतो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक असते. कादंबरीकाराला कधीकधी ते ठाऊक नसते, हीच पंचाईत आहे.

संगमेश्वरच्या फितुरीचेही असेच आहे. कल्पित गोष्टीला एक घरभेद्या लागतो, आणि ती भूमिका येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के यांच्याकडे ठरूनच गेली आहे. ‘छावा’वर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. त्याच चित्रपटातले राजे आणि येसूबाई लेझीम खेळतानाचे दृश्य झलक पाहूनच लोकांना खटकले होते आणि ते प्रदर्शनाआधी काढण्यात आले. मला यातले गौडबंगाल असे वाटते की राजांचे डोळे काढतानाचे दृश्य आपण मुलाबाळांसह बसून पाहतो, पण राजे नाचताना आपल्याला पाहवत नाहीत. वेदना राजाला शोभते, मौज शोभत नाही, असा काहीसा नियम आपण नकळत करून ठेवला आहे. फॅन फिक्शनमध्ये हा नियम नाही. तिथे राजे पावसात भिजतात, आजारी पडतात, बायकोने टाकलेला टोमणा सहन करतात आणि चिडून कोपऱ्यात जाऊन बसतात. त्यातले पुष्कळसे बाळबोध असते, काही तर वाचवत नाही. पण या माणसाला मृत्यूच्या वेळी बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती, ही गोष्ट मला त्या बाळबोध पानांवर जितकी जाणवते तितकी जाडजूड कादंबऱ्यांत जाणवत नाही.

माझी खरी तक्रार मात्र कादंबरीकार आणि या मुली, दोघांविरुद्धही आहे. १६ जानेवारी १६८१ च्या राज्याभिषेकापासून १६८९ च्या फेब्रुवारीपर्यंत आठ वर्षे हा माणूस राजा होता, आणि कल्पित साहित्याला नेमक्या या आठ वर्षांत फारसे स्वारस्य नाही. जंजिऱ्याला किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू बांधण्याचा प्रयत्न, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आल्यावर त्याचे काय करायचे ही डोकेदुखी, नाशिकजवळचा रामसेज किल्ला वर्षानुवर्षे झुंजवत ठेवणे, १६८३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांच्या दारापर्यंत जाऊन धडकणे, असे एकाहून एक प्रसंग पडून आहेत. विश्वास पाटलांनी मोहिमांना बऱ्यापैकी जागा दिली, हे खरे. एरवी गोष्ट मुलाची असते, नवऱ्याची असते किंवा हुतात्म्याची असते. राजा म्हणून रोजचे कागद पाहणारा, पैशाची चणचण सोसणारा, खुद्द आपल्याच प्रधानांना मृत्युदंड देऊन पुढच्या सकाळी कारभार सुरू ठेवणारा माणूस त्यांच्या गोष्टींत येत नाही, कारण तिथे रडायलाही जागा नाही आणि मुजरा करायलाही. अण्णाजी दत्तोंसारख्या माणसांना मारण्याचा हुकूम दिला त्या रात्री राजे ‘आम्ही’ होते की ‘मी’, हा प्रश्न ज्याने त्याने टाळलेला आहे.

आणि येसूबाई. राजांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच रायगड पडला, आणि ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही मुद्रा जिच्या नावाने सांगितली जाते ती ही राणी लहानग्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेली. १७०७ मध्ये शाहू सुटले, त्या मागे राहिल्या. १७१९ मध्ये त्या साताऱ्याला परत आल्या, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. औरंगजेब मेला, त्याच्या मागून दिल्लीचे तख्त कितीकांनी पालटले, मराठ्यांचे दोन तट पडले, पेशवाई उभी राहिली, आणि ही बाई त्या सगळ्यात मोगलांच्या कैदेतच राहिली. बहुतेक कादंबऱ्यांत आणि फोनवरच्या गोष्टींत तिचे आयुष्य ११ मार्च १६८९ ला संपते. नवरा गेला की तिची गरज संपते, इतका साधा हिशेब आहे तो.

भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, ‘पण मावशी, तीस वर्षं ती बोलणार कोणाशी?’ मी म्हटले, शाहू होता अठरा वर्षं. ‘मुलाशी ती आम्ही म्हणेल का मी?’ याचे उत्तर मला देता आले नाही. परवा तिने पहिला भाग पाठवला आहे. छावणीतली पहाट आहे, येसूबाई सात वर्षांच्या शाहूचे केस विंचरत बसल्या आहेत, आणि बाबा कधी येणार असे तो विचारतो त्यावर त्या काहीच बोलत नाहीत. फक्त फणी थांबते आणि पुन्हा चालू लागते. दोन पानांत त्यांनी स्वतःसाठी कोणतेच सर्वनाम वापरलेले नाही. खाली ‘क्रमशः’ लिहिले आहे.